घर्षणाच्या नावाने बोटे मोडू नका

‘घर्षणाचे फायदे व तोटे लिहा.’ विद्यार्थी मित्रहो, हा प्रश्न तुमच्या वडिलांनी सोडवला असेल, काकांनी सोडवला असेल आणि तुम्हीही सोडवत असाल. त्याचे उत्तर ठरलेले आहे. पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे फायदे : घर्षणामुळे चालता येते, काडी पेटते, ब्रेक लागतो. उजवीकडे तोटे : यंत्राचे भाग झिजतात, नको ती उष्णता निर्माण होते, ऊर्जा वाया जाते. दोन्ही बाजूंना तीन तीन मुद्दे भरले की गुण पदरात पडले.

हा प्रश्न आता बंद करावा असे माझे मत आहे. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याने असे म्हणावे हे काही शिक्षकांना रुचणार नाही. पण त्या उभ्या रेघेमुळे असा समज होतो की, घर्षण कुठे चांगले आणि कुठे वाईट हे कायमचे ठरून गेले आहे. आणि ठरून गेलेल्या गोष्टीबद्दल कोणी प्रश्न विचारीत नाही. अकरावीत नव्याने आलेल्या मुलांना मी दरवर्षी विचारतो, “घर्षण म्हणजे काय?” वर्गातून एका सुरात उत्तर येते, “गतीला विरोध करणारे बल.” या उत्तरातून एक शब्द गळालेला असतो. घर्षण हे नुसत्या गतीला विरोध करीत नाही. एकमेकांना टेकलेल्या दोन पृष्ठभागांमधल्या सापेक्ष गतीला ते विरोध करते.

एका शब्दाने असे काय बिघडते? टेबलावर एक कागद ठेवा, कागदावर खोडरबर ठेवा आणि कागद हळूहळू स्वतःकडे ओढा. खोडरबर कागदाबरोबर तुमच्याकडे येते. त्याला कोणी ओढले? तुमचा हात तर त्याला लागलेलाही नाही. ओढले ते कागदाच्या घर्षणाने, आणि तेही गतीच्याच दिशेने. मागे एका परीक्षेत एका मुलीने लिहिले होते की, सरकत्या पट्ट्यावर ठेवलेल्या खोक्याला घर्षण पुढे नेते. परीक्षकाने त्यावर लाल फुली मारली. मुलगी बरोबर होती. पुढे ती वाणिज्य शाखेला गेली. फुलीमुळेच गेली असे मी म्हणत नाही.

आता खोडरबराच्या वाटेत एक जाड पुस्तक आडवे धरा आणि पुन्हा कागद ओढा. खोडरबर पुस्तकाला टेकून थांबेल, कागद त्याच्याखालून सरकत राहील आणि खोडरबर पुस्तकाला रेटा देत राहील. कागद हलतो आहे तोवर हा रेटा संपत नाही. हे चित्र ध्यानात ठेवा. १९७१ साली इंग्लंडमध्ये धातू घडवण्याचे एक यंत्र निघाले, त्याचे मर्म एवढेच आहे. त्याची गोष्ट सांगण्यासाठी आधी थोडे स्वयंपाकघरात जावे लागेल.

सोऱ्या आणि दट्ट्या

दिवाळीत चकलीचा सोऱ्या फिरवला नाही असा विद्यार्थी विरळा. सोऱ्यात पिठाचा उंडा घालायचा आणि वरून दट्ट्या दाबायचा, की खालच्या चकतीतून तिच्या भोकाच्या आकाराचे पीठ बाहेर पडते. चकती बदलली की चकलीऐवजी शेव. धातूंचेही असेच करतात. कारखान्यात याला सगळे ‘एक्स्ट्रूजन’ म्हणतात, परिभाषेत बहिःसारण. शब्द जड आहे, पण अर्थ सोऱ्याइतका सोपा आहे.

जोसेफ ब्रामा या इंग्रज यंत्रकाराने १७९७ साली शिसे दाबून नळ्या काढण्याचे पेटंट घेतले. १८२० मध्ये टॉमस बर याने त्या कामाला जलदाबयंत्र जोडले. शिसे मऊ असल्यामुळे ते जमून गेले. पितळेसारखा कठीण धातू तापवून असा दाबून काढण्याची रीत मात्र १८९४ च्या सुमारास अलेक्झांडर डिक याने बसवली. आज घरोघरी सरकत्या खिडक्यांना ॲल्युमिनियमच्या चौकटी असतात. भंगारात पडलेला तसा एखादा तुकडा मिळाला तर त्याचा कापलेला भाग पाहा. त्यातल्या खाचा, कंगोरे, पोकळ्या हे सारे कोणी कोरलेले नसते. एका भोकातून ते एका दमात बाहेर आलेले असते. तांब्यापितळेच्या नळ्यांचा जन्मही बहुधा अशाच दाबयंत्रात होतो. कुर्ल्याला कामानी ट्यूब्ज नावाचा अशा नळ्यांचा कारखाना होता. तो बंद पडल्यावर १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने कामगारांच्या सहकारी संस्थेने तो चालवायला घेतला, म्हणून कामगार चळवळीच्या इतिहासात त्याचे नाव आहे. ती हकिकत निराळी आणि मोठी आहे. इथे आपण दट्ट्याकडेच लक्ष देऊ.

दट्ट्यापुढच्या धातूच्या जाड दांड्याला बिलेट म्हणतात. ॲल्युमिनियमचे बिलेट ४५० ते ५०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून पोलादी कोठीत ठेवतात आणि मागून दट्ट्या रेटतात. समोर ‘डाय’, म्हणजे सोऱ्याची चकती. दट्ट्याचे बल सगळे डायपाशी पोचते का? नाही. बिलेट पुढे सरकू लागते आणि कोठीची भिंत जागीच उभी असते. भिंतीला लागलेला धातूचा थर भिंतीलाच चिकटतो आणि आतला धातू त्या थरावरून कातरत पुढे जातो. हे भिंतीचे घर्षण उलट्या दिशेने, दट्ट्याच्या विरुद्ध लागते.

ते किती असते याचा हिशोब करू. बिलेटचा व्यास २० सेंटिमीटर आणि लांबी ६० सेंटिमीटर धरा. त्याच्या बाजूच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ होते सुमारे ०.३८ चौरस मीटर. तापलेल्या ॲल्युमिनियमचा एक थर दुसऱ्यावरून सरकवायला दर चौरस मीटरला २ कोटी न्यूटन बल लागते असे मानू. गुणाकार केला की सुमारे ७५ लाख न्यूटन येतात. हे जवळजवळ ७७० टन वजनाइतके बल झाले. इतके बल नुसते भिंतीशी भांडण्यात जाते. डायमधून धातू काढायला लागते ते वेगळेच.

तेव्हा अभियंत्यांनी घर्षणापासून पळण्याच्या वाटा शोधल्या यात नवल नाही. फ्रान्समध्ये झाक सेजुर्ने याने तापलेल्या पोलादाच्या बिलेटवर चक्क काच वापरली. त्या तापमानाला काच वितळते आणि वंगणाचे काम करते. कोणी दट्ट्याऐवजी डायच बिलेटवर दाबून पाहिली. मग बिलेट कोठीत सरकतच नाही आणि भिंतीचे घर्षण टळते. उच्च दाबावरील संशोधनासाठी १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे पर्सी ब्रिजमन यांनी बिलेटच्या सर्व बाजूंनी द्रव भरून द्रवाच्या दाबाने धातू बाहेर काढून दाखवला. युक्त्या एकापेक्षा एक सरस आहेत. पण सगळ्यांची समजूत एकच : घर्षण हे उजव्या रकान्यातले आहे, ते टाळावे.

चिंचपोकळीची तार

आता दुसरी अडचण. सोऱ्यातले पीठ संपले की दट्ट्या वर घ्यायचा, नवा उंडा भरायचा आणि पुन्हा दाबायचे. शिवाय तळाशी थोडे पीठ राहतेच. दाबयंत्राचे तसेच आहे. बिलेट संपले की थांबायचे, शेवटचा न निघालेला गोळा कापून वितळवायला पाठवायचा आणि नवे बिलेट भरायचे. काम खंडित चालते. खिडकीची पट्टी पाच-सहा मीटरांचीच हवी असते, तिथे हे चालून जाते. पण जी वस्तू किलोमीटरच्या हिशोबात हवी, तिचे काय?

अशी एक वस्तू आम्हा चिंचपोकळीकरांच्या रोजच्या पाहण्यातली आहे. चिंचपोकळी स्थानकाच्या पुलावर उभे राहिले की रुळांवरून जाणारी विजेची तार अगदी समोर दिसते. मुंबईत विजेवर चालणारी पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत गेली. तेव्हा तारेत १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता. मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवर तो जाऊन २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला आणि हे काम २०१६ पर्यंत पुरे झाले. विद्युतदाब वाढला की तेवढ्याच शक्तीला प्रवाह कमी पुरतो, म्हणून तारही बारीक चालते. २५,००० व्होल्टच्या मार्गावर पेंटोग्राफ ज्या तांब्याच्या तारेला घासत जातो तिचा छेद साधारण १०७ चौरस मिलिमीटर असतो. जाडीने ती आपल्या करंगळीएवढी भरेल.

ही तार एका तणाव्यापासून दुसऱ्या तणाव्यापर्यंत सुमारे दीड किलोमीटर अखंड हवी. मध्ये सांधा आला तर तिथे पेंटोग्राफ उडतो, ठिणगी पडते आणि तार झिजते. अशी तार आपल्या दट्ट्याच्या यंत्रावर काढायची म्हटली तर काय होईल? तिच्या एका मीटरचे वजन सुमारे ९५० ग्रॅम, म्हणजे दीड किलोमीटरचे १,४०० किलोग्रॅमच्या वर. एवढे तांबे २० सेंटिमीटर व्यासाच्या एकाच बिलेटमध्ये भरले तर बिलेट पाच मीटर लांब होईल! भिंतीचे घर्षण बिलेटच्या लांबीच्या प्रमाणात वाढते. साठ सेंटिमीटरलाच शेकडो टन खर्च होतात, तिथे पाच मीटरची गोष्टच नको.

इथे जरा थांबून पाहा. घर्षण आणि खंडितपणा या दोन अडचणी मी वेगळ्या सांगितल्या खऱ्या, पण त्या एकच आहेत. बिलेट आखूड ठेवावे लागते ते घर्षणामुळे, आणि ते आखूड म्हणून काम खंडित.

सलगपणाचे मोल गिरणगावाला नव्याने सांगायला नको. जुन्या ‘म्यूल’ यंत्रावर सूत दोन टप्प्यांत निघे. गाडा बाहेर येताना ताणून पीळ भरायचा, आत जाताना गुंडाळायचे. रिंग फ्रेमवर ताणणे, पीळ देणे आणि गुंडाळणे ही तिन्ही कामे एकाच वेळी आणि न थांबता होतात. जमशेदजी टाटांच्या नागपूरच्या एम्प्रेस मिलने (ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली) १८८० च्या दशकातच ही रिंग उचलली, तेव्हा खुद्द लँकेशायरचा जीव म्यूलमध्ये अडकला होता. १९८२ च्या संपानंतर लालबाग-परळच्या गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या. ज्यांचे आजोबा ‘रिंग खात्यात’ होते अशी मुले अजून या भागातल्या वर्गांत असतात. त्यांनी आजोबांना विचारावे.

कोणी म्हणेल, तार ढकलायची कशाला, ओढून काढावी. बरोबर आहे. आपल्या डोक्यावरची तांब्याची तार ओढूनच काढतात. वितळलेल्या तांब्याचा सलग दांडा ओततात, तो तापलेला असतानाच लाटून बारीक करतात आणि मग भोकाभोकांतून ओढत नेतात. सोनारही पोलादी पट्टीच्या भोकांतून सोन्याची तार अशीच ओढतो. पण ओढण्याला एक मर्यादा आहे. ओढण्याचे सगळे बल बाहेर आलेल्या बारीक तारेलाच सोसावे लागते. हाव धरली की तार तुटते. म्हणून एका भोकात थोडेच बारीक करायचे, मग पुढचे भोक. ढकलण्यात ही भीती नाही. एका फटक्यात दांड्याचा छेद वीस पटींनी कमी करता येतो आणि पोकळ, कंगोऱ्यांचे, वाटेल ते आकार काढता येतात. म्हणजे हवे होते असे यंत्र की जे ढकलील, आणि ढकलताना थांबणार नाही.

भिंतच चालू लागली तर?

हे यंत्र डेरेक ग्रीन या ब्रिटिश अभियंत्याने काढले. ब्रिटनच्या अणुऊर्जा प्राधिकरणाची लँकेशायरमध्ये स्प्रिंगफील्ड्स येथे प्रयोगशाळा होती, तिथे तो काम करीत असे. अणुभट्ट्यांसाठी युरेनियमचे इंधन बनवणारा कारखानाही तिथलाच. म्हणजे धातूला आकार देण्याचा प्रश्न त्या लोकांच्या रोजच्या कामातला होता. ग्रीनच्या रीतीचे नाव ‘कॉन्फॉर्म’. सलग आणि आकार देणे या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द जोडून ते केले आहे.

त्यामागचा विचार असा मांडता येईल. कोठीची भिंत स्थिर आणि धातू चालता, म्हणून घर्षण मागे खेचते. मग भिंतच धातूपेक्षा वेगाने पुढे चालली तर? तेच घर्षण धातूला पुढे ढकलील! आपल्या खोडरबराखालचा कागद आठवा. आता एक चौकोनी बोगदा घ्या. त्याच्या तीन भिंती, म्हणजे तळ आणि दोन बाजू, एका चालत्या तुकड्यात कोरा आणि चौथी भिंत, म्हणजे झाकण, स्थिर ठेवा. तीन भिंती धातूला पुढे ओढतील, एक मागे खेचील. तीनातून एक गेला, दोन उरले. पण सरळ चालणारी भिंत कधीतरी संपणार. तिला न संपणारी करायची तर वळवून तिचे चाक करावे.

कॉन्फॉर्मचे यंत्र म्हणजे हेच चाक. त्याच्या कडेवर सायकलच्या चाकासारखी, पण चौकोनी, खाच असते. परिघाच्या साधारण चौथ्या भागावर एक जाड पोलादी ठोकळा घट्ट बसवलेला असतो. त्याला ‘बूट’ म्हणतात. हे झाले झाकण. बुटाच्या शेवटाला एक अडसर खाचेत उतरलेला असतो. हे आपले जाड पुस्तक. अडसरापाशीच डाय. करंगळीएवढा गार दांडा एका बाजूने खाचेत शिरतो, चाक त्याला ओढत नेते, अडसर वाट अडवतो, मागून चाक रेटा देतच राहते आणि धातूला डायमधून बाहेर पडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. दांड्याचे वेटोळे संपत आले की पुढच्या वेटोळ्याचे टोक त्याला जोडून द्यायचे. खाचेतल्या दाबाखाली दोन्ही एकजीव होतात. दट्ट्या मागे घेणे नाही, थांबणे नाही.

हा दाब किती असेल? खाच १० मिलिमीटर रुंद आणि तितकीच खोल धरा. बुटाखाली दांडा खाचेला पक्का धरला गेला आहे अशी लांबी १०० मिलिमीटर माना. दांडा आत गार शिरतो, म्हणून कातरबल मघापेक्षा जास्त, दर चौरस मीटरला ५ कोटी न्यूटन घेऊ. एका भिंतीचे क्षेत्रफळ होते १,००० चौरस मिलिमीटर आणि तिचे बल ५०,००० न्यूटन. उरलेल्या दोन भिंतींचे मिळून १ लाख न्यूटन. हे सारे बल १०० चौरस मिलिमीटरच्या छेदावर एकवटते. भागाकार केला की दाब येतो १०० कोटी पास्कल, म्हणजे जवळजवळ १०,००० वातावरणे! पॅसिफिक महासागराच्या सर्वांत खोल गर्तेच्या तळाशीही सुमारे १,१०० वातावरणांचाच दाब असतो. हा प्रचंड दाब दिला कोणी? ज्याला आपण शक्ती वाया घालवणारे म्हणतो त्यानेच.

आणि दुसरा ‘तोटा’, नको ती उष्णता? तोही पाहू. या दाबाखाली एक घनमीटर धातू भोकातून ढकलायचा तर १०० कोटी ज्यूल काम करावे लागते, आणि ते जवळजवळ सगळे धातूतच उष्णतेच्या रूपाने राहते. एक घनमीटर ॲल्युमिनियमचे वस्तुमान २,७०० किलोग्रॅम, त्याची विशिष्ट उष्णता ९००. म्हणजे एका अंशाला सुमारे २४ लाख ज्यूल लागतात. १०० कोटींना २४ लाखांनी भागा. सुमारे ४१० अंश येतात. दट्ट्याच्या यंत्रासाठी बिलेट भट्टीत जेवढे तापवावे लागत होते, जवळजवळ तेवढाच ताप इथे धातू खाचेतून जाताजाता चढतो. भट्टी नकोच! प्रत्यक्षात तापलेला धातू मऊ होतो आणि दाब उतरतो, चाक व बूट पाण्याने थंड ठेवावे लागतात. तेव्हा आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. पण प्रमाण हेच.

अर्थात फुकट काही मिळत नाही. चाक फिरवणाऱ्या मोटरचे वीजबिल कारखानदार भरतोच. घर्षणाने ऊर्जा निर्माण केली नाही. मोटरची ऊर्जा हवी तिथे आणि हव्या त्या रूपात पोचवली.

या रीतीने आज काय काय निघते याची यादी देत नाही. दोन-तीन नमुने पुरेत. मोटारगाडीच्या वातानुकूलन यंत्रातल्या चपट्या ॲल्युमिनियमच्या नळ्या, ज्यांच्या पोटात ओळीने बारीक बारीक बोळ असतात. ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांसाठी तांब्याच्या पट्ट्या. पोलादी तारेभोवती ॲल्युमिनियमचा अखंड अंगरखा. यासाठी पोलादी तार डायमधून पार करतात आणि चाकाने रेटलेले ॲल्युमिनियम तिला चहूबाजूंनी लपेटते. चीनमध्ये अतिवेगवान गाड्यांसाठी तांबे-मॅग्नेशियम मिश्रधातूची तार लागते. तिचा ओतीव दांडा आधी अशा चाकातून काढतात आणि मग ओढतात. ओतताना पडलेले धातूचे जाड स्फटिक त्या रेट्यात मोडून बारीक होतात आणि तार बळकट निघते. एवढेच काय, दांड्याऐवजी धातूचे तुकडे किंवा भुकटी खाचेत घातली तरी दुसऱ्या बाजूने सलग तार बाहेर पडते.

यावरून दट्ट्याचे यंत्र आता मोडीत गेले असे कोणी समजू नये. रुंद चौकटी आजही दट्ट्यानेच काढतात, कारण खाचेतून शिरतो तो दांडा बारीक. पोलादाला तर हे चाक झेपतच नाही. दांड्यावर मळ किंवा गंज असेल तर तो थेट मालात जातो. चाक आणि बूट यांच्या फटीतून थोडा धातू पिळून बाहेर येतो आणि भंगारात जातो. आणि चाकाची झीज, तो उजव्या रकान्यातला पहिला मुद्दा, ती काही सुटलेली नाही. त्याच खाचेतले घर्षण धातू ढकलते, धातू तापवते आणि चाकही झिजवते. सांगा आता, हे उभ्या रेघेच्या कोणत्या बाजूला लिहायचे?

शिक्षकांशी दोन शब्द

काही शिक्षकमित्र म्हणतात, “तुमचे चाक ठीक आहे हो, पण नववीच्या मुलाला फायदे-तोटे पाठ असले म्हणजे निदान नापास तरी होत नाही.” ही अडचण मला कळते. साठ मुलांच्या वर्गात तीस मिनिटांच्या तासात सापेक्ष गती समजावणे सोपे नाही. पण त्यासाठी इंग्लंडचे यंत्र दाखवण्याची गरजही नाही. लालबागला रसवंतीगृहाच्या चरकाशी मुलांना उभे करा. उसाचे टोक लाट्यांमध्ये धरले की पुढचा ऊस आपोआप आत ओढला जातो. कोण ओढते? लाट्यांची चाल उसाहून जास्त, म्हणून घर्षण उसाला आत नेते. उद्या त्या लाट्यांना तेल लावले तर रस निघेल का, हे मुलांनाच विचारा.

आणि सुताचे उदाहरण तर हाताशीच आहे. कापसाचा तंतू जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर लांब असतो. त्यांचा किलोमीटर लांबीचा धागा होतो तो डिंकाने नव्हे. पिळामुळे तंतू एकमेकांवर आवळले जातात आणि घर्षण त्यांना निसटू देत नाही. धागा ओढावा तसे तंतू आणखीच आवळले जातात. शे-सव्वाशे वर्षे आमच्या या वस्तीची चूल ज्यावर पेटली त्या धाग्यातले बल म्हणजे घर्षण, आणि त्याच वस्तीतल्या शाळेत मुले ‘घर्षणामुळे शक्ती वाया जाते’ असे पाठ करतात, हे मला चमत्कारिक वाटते. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांनी एकदा तरी कारखान्याच्या दारातून आत यावे.

ग्रीनच्या आधीच्या सत्तर-ऐंशी वर्षांत धातू दाबून काढणाऱ्यांमध्ये हुशार माणसांची वाण नव्हती. काच, तेल, द्रव, सगळे त्यांनीच करून पाहिले. घर्षणाची दिशा उलटवता येते हे मात्र फार उशिरा कोणाला सुचले. प्लॅस्टिकच्या धंद्यात तर तोवर असे यंत्र रोज चालत होते. प्लॅस्टिकच्या नळ्या काढताना दाणे फिरत्या स्क्रूवर पडतात. ते स्क्रूलाच चिकटून राहिले तर जागच्या जागी फिरतील. बाहेरच्या नळकांड्याला घासले जातात म्हणूनच पुढे सरकतात. त्या धंद्यात स्क्रू गुळगुळीत ठेवतात आणि नळकांड्याला मुद्दाम खाचा पाडतात.

फायदे-तोट्यांच्या प्रश्नाऐवजी मी दुसरा प्रश्न सुचवतो. तो नववी-दहावीच्या कोणालाही सुटेल. लागतो फक्त गुणाकार, भागाकार आणि कोणती भिंत कुठे ओढते याचा विचार. वरच्या हिशोबातली खाच चौकोनी होती. आता तिची रुंदी १० मिलिमीटरच ठेवली, पण खोली दुप्पट, म्हणजे २० मिलिमीटर केली. बाकी सारे तेच. अडसरापाशी दाब किती होईल? आणि खोली १० मिलिमीटर ठेवून रुंदी दुप्पट केली तर? दोन्ही उत्तरे काढा, आणि ती अशी का आली ते चार ओळींत लिहा.